सोपी झालीय हो हल्ली!

भाचा सीसीएनए पास झाला त्या रविवारी माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि पुढचे तीन आठवडे माझी बहीण माझ्याशी फक्त आईच्या मार्फत बोलत होती. वाक्य तसं निरुपद्रवी होतं. पेढा तोंडात टाकता टाकता मी म्हणालो, "वा! पण हल्ली सोपीच झालीय म्हणा ती परीक्षा."

खोलीत अशी शांतता पसरली की पेढा गिळल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

"सोपी म्हणजे?" बहिणीने विचारलं. तिच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. तो तिने माझ्यापुढून उचलला आणि शेजाऱ्यांपुढे धरला.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीसीएनए ही सिस्को या अमेरिकन कंपनीची परीक्षा. ऑफिसातला एक कंप्युटर दुसऱ्याशी बोलतो तो ज्या राउटर-स्विचमधून बोलतो, ते लावता येतात आणि बिघडले तर दुरुस्त करता येतात, असा दाखला. १९९८ पासून चालू आहे. आमच्या धंद्यात तिचं स्थान जुन्या अकरावी मॅट्रिकसारखं. पास झालात म्हणजे फार मोठे झालात असं नाही, पण नसेल तर मुलाखतीला कुणी बोलवत नाही. मी २००५च्या डिसेंबरात पास झालो. प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, विठोबाच्या डावीकडे, इन्व्हर्टरच्या वर. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ते बघितलेलं आहे. ज्याने आपणहून बघितलं नाही त्याला मी दाखवलेलं आहे.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. वडील लूमच्या कामाला सुरतेत आले, उधन्यात एका खोलीत राहिले आणि खानदेशात परत जायचं परत जायचं म्हणत इथेच म्हातारे झाले. मी पुढे कामरेजला फ्लॅट घेतला. सुरतेपासून वीसेक किलोमीटर, तापीच्या काठावर, मुंबई-अहमदाबाद हायवेला लागून. आसपास हिऱ्यांचे आणि एम्ब्रॉयडरीचे कारखाने, आणि प्रत्येक कारखान्यात जेवढे कारागीर तेवढे कॅमेरे. त्यामुळे माझं पोट चालतं.

घरात वाद बंद करण्याचा हुकूम निघाल्यावर तो कामरेज चार रस्त्याच्या टपरीवर हलवण्यात आला. तिथे दर रविवारी आमची बैठक असते. मी, भाचा, वडील आणि माझा एक सहकारी. हा सहकारी २०१४ साली पास झालेला. त्याच्या पेपरचा नंबर २००-१२०, माझ्या पेपरचा ६४०-८०१ आणि भाच्याचा २००-३०१. मी त्याला पोरगेला समजतो, भाचा त्याला म्हातारा समजतो, आणि तो बिचारा दोघांच्या मधे सँडविचमधल्या काकडीसारखा गप्प बसतो. पाचवा एक जमिनीचा दलाल. टपरी त्याच्या ऑफिससमोर आहे म्हणून तो बसतो. जगातला कुठलाही विषय शेवटी प्लॉटवर येतो अशी त्याची श्रद्धा आहे.

"आमच्या वेळी," मी सुरुवात केली.

"झालं," भाचा म्हणाला.

पण मी सोडतो काय! आमच्या वेळी यूट्यूब नव्हतं. म्हणजे २००५ सालीच जन्मलं होतं, पण आमच्या सायबर-कॅफेच्या स्पीडवर त्याचा पाळणाही हलला नसता. क्लासमध्ये वीस पोरांत एक राउटर, तोही कुठल्यातरी बँकेने भंगारात काढलेला. त्याला हात लावायचा म्हणजे पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायचं. तुमची पाळी आली, निळी चपटी कन्सोल केबल लावली, दोन कमांड मारल्या की मागचा ढकलायचा. घरी जाऊन राउटर कागदावर काढायचा आणि कमांड पेन्सिलने लिहायच्या. कागदावरचा राउटर कधीच एरर देत नाही, हा त्यातला दोष. आता पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो. हवे तेवढे राउटर स्क्रीनवर मांडा, जाळा, पुन्हा मांडा.

आणि पाठांतर! १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५ हे आम्ही पावकी-निमकीसारखं म्हणायचो. पासवर्ड विसरलेल्या राउटरचा मंत्र झीरो एक्स एकवीस बेचाळीस, हा मला लग्नाच्या तारखेआधी आठवतो. बायकोला हे माहीत आहे. आयएसडीएनचे दोन चॅनल, चौसष्ट नि चौसष्ट, झाले एकशे अठ्ठावीस. फ्रेम रिले. सोळाव्या उडीला दम तोडणारा रिप.

"मामा," भाचा शांतपणे म्हणाला, "आयएसडीएन तुम्ही आयुष्यात किती वेळा लावलं?"

मी चहाची अडधी उचलली. चहा संपला होता, तरी थोडा वेळ प्यायलो.

एकदाही नाही. खरं सांगायचं तर आयएसडीएनची वायर मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. फ्रेम रिले फक्त चित्रात, ढगाच्या आकाराचा. म्हणजे ज्या अवघडपणाच्या जोरावर मी वीस वर्षं हॉलमध्ये मिरवतोय त्यातला बराचसा अवघडपणा मी परीक्षेला जाईपर्यंत स्मशानाच्या वाटेला लागलेला होता. आम्ही मयताला खांदा दिला आणि त्याला व्यायाम म्हटलं.

आता भाच्याची बाजू. २०२०च्या २४ फेब्रुवारीला सिस्कोने सगळा संसारच मोडून नव्याने मांडला. त्याआधी सीसीएनए एक नव्हती. सिक्युरिटीची वेगळी, वायरलेसची वेगळी, डेटा सेंटरची वेगळी. त्या सगळ्या भावकीला एका घरात घालून एकच परीक्षा केली. रिप गेला, ईआयजीआरपी गेला. त्यांच्या जागी वायरलेस वाढलं, सिक्युरिटी वाढली आणि दहा टक्के ऑटोमेशन आलं. ऑगस्ट २०२४ पासून त्यात एआयसुद्धा. ऑटोमेशनमध्ये टेराफॉर्म, अँसिबल, जेसन. हा जेसन कोण म्हणून मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं भाच्याच्या क्लासचा सर असेल.

त्याने मोबाइलवर एक जेसन काढून माझ्यापुढे धरला. महिरपी कंस, अवतरण चिन्हं, स्वल्पविराम. "यात चूक काय?" मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. चूक एका स्वल्पविरामाची होती. व्याकरणाच्या पेपरातही मी त्याचेच मार्क घालवायचो.

मग मी हुकमाचा एक्का टाकला. सबनेटिंग. आमच्या जमान्यातली पोरं याला थरथरायची. "१९२.१६८.१०.७७, स्लॅश सव्वीस. नेटवर्क कुठलं, ब्रॉडकास्ट कुठला?"

"चौसष्ट आणि एकशे सत्तावीस," भाचा म्हणाला आणि खाऱ्या बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला. तुकडा पडायच्या आत उत्तर आलं होतं.

दलालाचे कान टवकारले. "आ शुं छे? प्लॉट?"

मी त्याला समजावलं. दोनशे छप्पन्न घरांची जागा आहे असं समजा. स्लॅश सव्वीस म्हणजे तिचे चार सारखे तुकडे, प्रत्येकी चौसष्टचे. पहिला शून्यापासून त्रेसष्टपर्यंत, दुसरा चौसष्टपासून एकशे सत्तावीसपर्यंत. सत्त्याहत्तर नंबरचं घर दुसऱ्या तुकड्यात. पण प्रत्येक तुकड्यात पहिला नंबर सोसायटीच्या नावाच्या पाटीला जातो आणि शेवटचा दवंडीला. तिथे ओरडलं की सगळ्या घरांना ऐकू जातं. तर राहायला घरं किती?

"बासठ," दलाल म्हणाला. "चोसठमांथी बे तो कोमन प्लोटमां गया ने!"

आमच्या क्लासमध्ये हे समजायला मला सव्वा महिना लागला होता. दलालाने एका वाक्यात सोडवलं आणि वर विचारलं, भाव काय चाललाय. वडील हसले. ते सहसा हसत नाहीत.

सहकाऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि गुण कसे देतात हा मुद्दा काढला. इथे मात्र आम्ही तिघे एक झालो. या परीक्षेत पास व्हायला किती गुण लागतात हे सिस्को जाहीर करत नाही. मोजपट्टी तीनशेपासून सुरू होते आणि हजारावर संपते. म्हणजे नुसतं खुर्चीत बसलं की तीनशे. आपल्या बोर्डानेही एवढं औदार्य दाखवलेलं नाही. दिलेलं उत्तर पुन्हा उघडून बघता येत नाही. आयुष्यासारखंच, असं सहकारी म्हणाला. पण तो कवितासुद्धा करतो, तेव्हा तिकडे दुर्लक्ष करू. कट-ऑफच ठाऊक नसेल तर यंदा पेपर सोपा होता की अवघड हे ठरवायचं कशावर? पोरांच्या चेहऱ्यावर. आणि चेहरा बघणारे आपण मामा.

बोर्डाचं निघालंच आहे तर, महाराष्ट्रात २०१० साली दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह आलं तेव्हा माझ्या नाशिकच्या काकांनी हेच वाक्य म्हटलं होतं, तसाच पेढा तोंडात होता. २०२१ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही आणि दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. काका म्हणाले, त्या वर्षी जो नापास झाला त्याचा जाहीर सत्कार करायला हवा. काका स्वतः जुन्या अकरावीला दोनदा बसले होते. दोनदा बसलेल्या माणसाला ती परीक्षा अवघड वाटणारच, पण हे त्यांना सांगणार कोण?

आमच्यातल्या थोरल्यांचंही तेच. सिस्कोची सगळ्यात वरची पदवी सीसीआयई, १९९३ची. तिथे पास झालेल्याला नंबर मिळतो आणि नंबर सुरू होतात १०२४ पासून. तोही माणसाला दिलेला नाही. ज्या प्रयोगशाळेत परीक्षा व्हायची तिलाच दिला. पहिल्या माणसाला १०२५. सुरुवातीला ती परीक्षा दोन दिवसांची असे. तुम्ही मरमर करून जाळं उभं करायचं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात की परीक्षक येऊन ते गुपचूप बिघडवायचा. परत येऊन शोधा. सासूने सुनेची भाकरी मुद्दाम करपवून वर विचारावं तसला प्रकार. २००१च्या ऑक्टोबरपासून ती एका दिवसाची झाली. बस्स! दोन दिवसवाले तेव्हापासून एक दिवसवाल्यांकडे असे बघतात की जणू मंडळी अर्ध्या तिकिटावर आत शिरली.

मला वाटतं हा रोग परीक्षांपेक्षा जुना असावा. आमच्या कामरेजपुरता पुरावाच आहे. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'एरिथ्रियन समुद्राचं पेरिप्लस' नावाची प्रवासाची वही लिहिली. भरुचच्या खाडीत शिरताना उजव्या हाताला खडक आहेत, जवळच कम्मोनी नावाचं गाव आहे, असं त्यात आहे. काही अभ्यासक ते गाव म्हणजे आमचं कामरेज मानतात. खाडीत शिरणं इतकं अवघड की राजाच्या नोकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन समोर यायचे आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत भरुचला न्यायचे. माझी खात्री आहे, त्यातला एखादा पिकलेला कोळी नव्या पोराने पहिलं जहाज सुखरूप आत आणल्यावर म्हणाला असेल, हल्ली गाळ कमी झालाय हो, आमच्या वेळी यायला हवं होतं.

गाव तेच, नाव बदलत आलंय. रस्ताही तोच. आम्ही ज्याला आठ नंबर म्हणत मोठे झालो त्या हायवेला आता अठ्ठेचाळीस म्हणतात. चारपदरीचा सहापदरी झाला. गाडी चालवणं सोपं झालं का? चार रस्त्याला संध्याकाळी सात वाजता उभे राहा आणि तुम्हीच सांगा.

वडील इतका वेळ ऐकत होते. आयुष्यभर लुमांच्या खडखडाटात राहिल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, पण नेमकं नको ते ऐकू येतं. त्यांनी अडधीचा ग्लास खाली ठेवला आणि अहिराणीत म्हणाले, "सोपी व्हयनी म्हनस ना, मंग आते तू दी देख."

सोपी झाली म्हणतोस ना, मग आता तू देऊन बघ.

मी म्हणालो, मला कामं आहेत.

एक गोष्ट मी त्या दिवशी बोललो नाही, ती इथे बोलतो. मी पेपर द्यायला मुंबईला गेलो होतो. पहाटे सुरतेहून फ्लाइंग राणी पकडली. तिला तेव्हा दुमजली डबे होते. ते २०२३ साली काढले. खालच्या मजल्यावर, फलाटाच्या पातळीला डोळे ठेवून, मी मांडीवर एक झेरॉक्सचा गठ्ठा उघडला. तो क्लासमधल्या एका मुलाने दिला होता. त्यात आधी येऊन गेलेले प्रश्न होते, उत्तरांसकट. वापीपासून बोरिवलीपर्यंत मी तो पाठ केला. पेपरात त्यातले किती आले ते सांगत नाही. पण काही प्रश्न मी वाचायच्या आधीच ओळखले, चाल ऐकून गाणं ओळखावं तसे. असले गठ्ठे बाळगणं तेव्हाही नियमाबाहेर होतं, आजही आहे. भाच्याकडे असला गठ्ठा नव्हता. त्याने तीन महिने रोज पहाटे पाचला उठून व्हिडिओ बघितले, हे मला बहिणीने सांगितलं. आईच्या मार्फत.

सोमवारी लोचा झाला. सुरतेत लोचो हा खायचा पदार्थ आहे, मुळात बिघडलेला खमण, असं इथले लोकच कौतुकाने सांगतात. माझा मराठीतला होता. जवळच्या एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात शेठने बारा नवे कॅमेरे बसवले. त्यांचा माल वेगळ्या डब्यातून न्यायचा होता, व्हीलॅन चाळीस. ऑफिस आणि शेड यांच्यामधे एकच केबल आहे, तिला आम्ही ट्रंक म्हणतो. फ्लाइंग राणीसारखी ती. रूळ एक, डबे अनेक. दहा, वीस, तीस हे तीन डबे आधीच धावत होते. मला चाळीस जोडायचा होता. घरी बसून, पंख्याखाली, लुंगीवर मी शेडच्या स्विचला हुकूम सोडला: स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन चाळीस. एंटर.

जाणकार वाचक इथे कपाळावर हात मारतील. चाळीसच्या आधी 'ॲड' असा एक शब्द लागतो. तो घातला तर चाळीस जोडला जातो. नाही घातला तर स्विच समजतो की यापुढे फक्त चाळीस, बाकीचे तिन्ही डबे रुळावरून उतरवा. त्याने निमूटपणे उतरवले. दहा नंबरच्या डब्यात मी स्वतः बसलेलो होतो. स्क्रीन गोठली.

चाळीस सेकंदांत शेठचा फोन. "आ बधा कॅमेरा ऊंघी गया?" इंटरनेट बंद पडलं तर त्याला दुपारपर्यंत पत्ता नसतो, पण मोबाइलवरचे कॅमेरे काळे झाले की त्याला घाम फुटतो. कारागिरांना मात्र शेठच्याही आधी कळलं होतं. मशीन थांबवून मंडळी मावा मळत बसली होती. एक ॲड गेला आणि माझी वकिली करायला कुणी उरलं नाही.

कारखाना अकरा किलोमीटरवर. बाइकची चावी शोधत असताना भाच्याचा फोन आला. त्याला बहिणीचा निरोप द्यायचा होता. माझ्या आवाजावरून त्याने ओळखलं.

"मामा, ॲड टाकलं होतं का?"

मी गप्प.

"बरं. राइट मेमरी मारलं होतं का?"

"नाही."

"मग उत्तम. सेव्ह केलंच नाही तर जुनंच परत येईल. वॉचमनला सांगा, शेडमधल्या स्विचचं बटण बंद करून चालू कर म्हणावं."

केलेलं काम लगेच सेव्ह करावं असं मी वीस वर्षं पोरांना शिकवत आलोय. त्या दिवशी मी ते केलं नाही म्हणून वाचलो. वॉचमनने बटण बंद केलं, चालू केलं, चार-पाच मिनिटांत कॅमेरे जागे झाले आणि मावा खिशात गेला. शेठने वॉचमनला शंभर रुपये बक्षीस दिले. तोही सीसीएनए नाही.

संध्याकाळी भाचा घरी आला. नवं प्रमाणपत्र छापून आणलं होतं, फ्रेम करायचं होतं. माप घ्यायला म्हणून त्याने माझी फ्रेम खिळ्यावरून काढली, मागच्या पिना सरकवल्या आणि कागद बाहेर ओढला. फ्रेमवाल्याने खालची पट्टी जरा वरून लावली होती, त्यामुळे सर्वांत खालची ओळ वीस वर्षं कुणालाच दिसली नव्हती. मलाही दिसली नव्हती, असं मी म्हणतो.

सीसीएनए तीन वर्षं चालते. त्याआधी नूतनीकरण केलं नाही तर संपते.

भाच्याने ती ओळ मोठ्याने वाचली नाही. वडिलांनी चष्मा मागितला आणि त्यांनी वाचली. मुदत: डिसेंबर २००८.

परीक्षेची फी सध्या ३०० डॉलर आहे, वर जीएसटी. मी अजून तारीख घेतलेली नाही.